बाजरीला शेणखत किती, युरिया किती? पहिल्यांदा पेरणाऱ्यांसाठी

मृगाचा पाऊस पडला की कृषी सेवा केंद्रासमोर रांग लागते. शेतीत नव्याने उतरलेला माणूस त्या रांगेत उभा राहून शेजारच्याला विचारतो, "बाजरीला काय टाकायचं?" शेजारचा म्हणतो, "टाका की एक गोणी युरिया." उत्तर अगदी चुकीचं नाही, पण तोवर निम्मं काम हातातून गेलेलं असतं. बाजरीच्या खताची तयारी उन्हाळ्यात होते. जूनमध्ये फक्त गोणीचा भाग उरतो.

इथे एक एकर खरीप बाजरी डोळ्यासमोर ठेवली आहे. जमीन कोरडवाहू, हलकी ते मध्यम, म्हणजे पारनेर, शिरूर, माण, आटपाडी या पट्ट्यात असते तशी, खाली मुरूम आणि वर वीतभर माती. भारी काळ्या रानात किंवा पाण्याखालच्या उन्हाळी बाजरीत आकडे बदलतील, रीत तीच राहील.

कोणाचं काम काय

चांगल्या शेणखतात नत्र (नायट्रोजन) साधारण अर्धा टक्का असतं. म्हणजे एका टनात ५ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र असतं. नुसत्या नत्राचा हिशोब धरला तर एक गोणी म्हणजे चार टन शेणखत. शिवाय शेणखतातलं सगळं नत्र पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही. ढोबळमानाने तिसरा हिस्सा यंदा सुटतो, बाकीचं पुढच्या दोन-तीन वर्षांत.

मग शेणखत टाकायचंच कशाला? बरड रानात श्रावणात पंधरा दिवसांची उघडीप पडली की ते कळतं. वर्षानुवर्षं शेणखत गेलेल्या तुकड्यातली बाजरी दुपारी माना टाकते आणि संध्याकाळी परत ताठ होते. नुसत्या गोणीवर वाढलेली सकाळीही मलूलच दिसते. शेणखत मातीत ओल धरतं, माती भुसभुशीत ठेवतं, जिवाणूंना खायला घालतं आणि जस्त-लोहासारखी अन्नद्रव्यं थोडीथोडी पुरवतं. पण पंचविसाव्या दिवशी बाजरी फुटवे काढायला लागते, तेव्हा तिची नत्राची भूक मोठी असते आणि ती भागवण्याइतक्या वेगाने शेणखत चालत नाही. तिथे युरिया लागतो. युरियाचीही खोड आहे. मातीवर उघडा पडला तर त्यातलं नत्र वायू होऊन उडतं, आणि मोठा पाऊस झाला तर मुरमाड रानात मुळांच्या खाली निघून जातं. मातीत सेंद्रिय अंश असेल तर हे नुकसान कमी होतं.

म्हणून मी शेणखताला जमिनीचं खत म्हणतो आणि युरियाला पिकाचं. दोन्ही निम्मंनिम्मं घ्या असा सल्ला ऐकायला छान वाटतो, पण निम्मं कशाचं, हे सांगणारा सहसा सांगत नाही. वजनाचं निम्मं वेगळं आणि नत्राचं निम्मं वेगळं. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राने रब्बी ज्वारीवर अनेक वर्षं प्रयोग केले. त्यांत निम्मं नत्र सुबाभळीच्या पाल्यातून आणि निम्मं युरियातून देण्याची पद्धत सरस ठरली. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तांबड्या मातीत नाचणीवर १९७८ पासून असाच दीर्घ प्रयोग चालला. तिथेही हेक्टरी १० टन शेणखत आणि जोडीला रासायनिक खत, या जोडीने नुसत्या गोणीला मागे टाकलं.

पहिलं काम: मातीचा नमुना

एप्रिलमध्ये रान मोकळं असतं, तेव्हाच नमुना घ्या. एकरात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून तिचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. बांधाजवळची, झाडाखालची, जुन्या उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नका. युरियाच्या रिकाम्या गोणीत तर नमुना मुळीच भरू नका.

अहवालात नव्या माणसाने चार गोष्टी पाहिल्या तरी पुरे. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर शेणखतावर खर्च आधी करा, बाकीचं नंतर. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर ते कमी समजतात, आणि आपल्याकडच्या हलक्या रानात ते कमीच निघतं. जस्त ०.६ पीपीएमच्या खाली आलं तर एकरी ८ किलो झिंक सल्फेटची सोय करा. चौथा आकडा सामूचा, म्हणजे पीएचचा. तो ८च्या पुढे गेला असेल तर स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त मातीत अडकून बसतात आणि शेणखताची गरज आणखी वाढते.

दुसरं काम: खत कुजवणं

नव्या माणसाची खरी फसगत इथे होते. शेणखत म्हणून ट्रॉलीत जे येतं ते पुष्कळदा गोठ्यातलं ओलं शेण, अर्धवट कुजलेला कडबा आणि माती यांचा गोळा असतो. मीही पहिल्या वर्षी असाच माल मे महिन्याच्या अखेरीला रानात पसरला. ऑगस्टमध्ये बाजरी ओळीने सुकू लागली. उपटून पाहिली तर मुळं कुरतडलेली आणि मातीत पांढऱ्या, इंग्रजी 'सी'सारख्या वाकड्या अळ्या. हुमणी. पावसाळ्याच्या तोंडाला तिचे भुंगेरे न कुजलेल्या शेणाकडे ओढले जातात, अंडी घालतात आणि आपण ती लेकरं आपल्या हातांनी रानात पोसतो. वाळवीचंही तसंच. हराळीची मुळं आणि गाजर गवताचं बीही कच्च्या शेणातूनच येतं.

कच्च्या खताचा दुसरा तोटा डोळ्यांना दिसत नाही. काडीकचरा कुजवताना जिवाणूंना नत्र लागतं आणि ते मातीतलंच उचलतात. परिणामी खत टाकूनही पहिले तीन आठवडे बाजरी पिवळी राहते आणि शेतकरी म्हणतो, "शेणखताने काही होत नाही."

कुजलेलं खत ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. रंग काळपट तपकिरी, वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा. मुठीत दाबून सोडलं तर ते भुसभुशीत सुटतं आणि काडी बोटांनी सहज मोडते. ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि आत गरम लागलं, तर त्याला अजून वेळ आहे.

स्वतःचं खत करायचं तर खड्डा तीन-साडेतीन फुटांपेक्षा खोल नको, रुंदी-लांबी जागेप्रमाणे. थर शेणाचा, मग पालापाचोळ्याचा, वर गोठ्यातलं मूत भिजलेलं गवत. गुरांच्या मुतात नत्र शेणापेक्षा जास्त असतं आणि आपण तेच गटारात सोडतो. प्रत्येक थरावर थोडं सिंगल सुपर फॉस्फेट भुरभुरलं तर नत्र कमी उडतं आणि स्फुरदही खतात मुरतं. आपल्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद पटकन अडकतं, खतात मुरवून दिलं की पिकाला जास्त मिळतं. भरलेला खड्डा शेणमातीने लिंपा, ओल टिकवा. चार ते पाच महिने लागतात. म्हणजे जूनसाठी खड्डा जानेवारीत भरलेला हवा.

एवढी गुरं नाहीत? मग पर्याय बघा, पण त्यांचे स्वभाव ओळखून. कोंबडीखत उष्ण असतं, नत्र जास्त. ताजं टाकलं तर रोपं करपतात, दोन महिने कुजवूनच वापरा. गांडूळखतात नत्र दीड टक्क्याच्या आसपास असतं, पण एकरभर पसरायला ते महाग पडतं, ते ओळीत टाकायला ठेवा. साखर कारखाना जवळ असेल तर मळी, म्हणजे प्रेसमड, मिळते, तीही कुजवलेलीच घ्या. बांधावर गिरिपुष्प लावलेलं असेल तर त्याचा पाला दुसऱ्या कोळपणीच्या, म्हणजे ओळींमधलं तण काढण्याच्या वेळी ओळींत आच्छादन म्हणून टाकता येतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा मार्ग म्हणजे मेंढ्या बसवणं. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे फिरतीवर असतात. काही रात्री कळप रानात बसवायचा आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे द्यायचे, ही जुनी रीत अजून चालू आहे. लेंडी आणि मूत दोन्ही जागेवरच पडतं, वाहतूक नाही, पसरायची मजुरी नाही. वाडा उठला की लगेच उथळ पाळी घालून लेंडी मातीआड करा. खत पावसाच्या बरंच आधी पडलेलं असल्यामुळे पेरणीपर्यंत बऱ्यापैकी जिरतं.

शेणखत एकरी दोन टन धरा, म्हणजे बैलगाडीने चार-पाच गाड्या. रानात छोटे-छोटे ढीग घालून ते आठवडेच्या आठवडे उन्हात ठेवलेले सगळीकडे दिसतात. त्या उन्हात निम्मा जीव निघून जातो. ज्या दिवशी ढीग पडतील त्याच दिवशी पसरा आणि कुळवाच्या शेवटच्या पाळीने मातीत मिसळा. झिंक सल्फेट द्यायचं असेल तर ते शेणखतात मिसळून आठवडाभर ठेवा आणि मग टाका. स्फुरदाच्या खतात मात्र ते मिसळू नका, दोघं एकमेकांना अडवतात.

तिसरं काम: गोणीचा हिशोब

शिफारशी हेक्टरमध्ये लिहिलेल्या असतात आणि आपलं रान एकरात असतं. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. ६० किलो नत्र म्हणजे ६० किलो युरिया नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. या दोन गोष्टींत घोळ झाल्यामुळे लोक अडीचपट खत टाकतात किंवा निम्मंच.

मध्यम जमिनीला हेक्टरी ६० किलो नत्र, ३० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश (पोटॅश) धरा. एकराला होतात २४, १२ आणि १२. हलक्या जमिनीला हेक्टरी ४०, २०, २०, म्हणजे एकराला १६, ८, ८.

मध्यम जमिनीचा हिशोब असा. १०:२६:२६ या खताची ५० किलोची एक गोणी घेतली तर तीत नत्र ५ किलो, स्फुरद १३ आणि पालाश १३ किलो. स्फुरद-पालाशाची गरज तिथेच संपली. नत्राचे १९ किलो उरले. युरियाच्या एका गोणीत जवळपास २१ किलो. म्हणजे एका एकराला एक गोणी १०:२६:२६ आणि एक गोणीला थोडा कमी युरिया. हलक्या रानात हेच माप १०:२६:२६चं ३१ किलो आणि युरियाचं दोन हप्ते मिळून २८ किलो.

दुकानात १०:२६:२६ नसेल तर डीएपी आणि म्युरेट ऑफ पोटॅश चालेल. डीएपी २६ किलो घेतलं की स्फुरद १२ किलो आणि नत्र पावणेपाच किलो मिळतं. पालाशासाठी २० किलो म्युरेट. गंधक कमी असलेल्या रानात डीएपीपेक्षा सिंगल सुपर फॉस्फेट बरं, त्यात स्फुरदाबरोबर गंधकही येतं. दुकानदार युरियाबरोबर एखादी रंगीत बाटली गळ्यात मारू बघेल. यादी लिहून न्या आणि यादीवरच ठाम राहा.

आता शेणखत टाकलंय म्हणून गोणीतून किती वजा करायचं? पहिल्या वर्षी काहीच नाही. दोन टन खतातून यंदा सुटणारं नत्र जेमतेम ३ किलो. त्यावर विसंबून युरिया तोडला तर बाजरी उपाशी राहते. सलग तीन वर्षं एकरी दोन टन गेलं आणि सेंद्रिय कर्ब वर सरकताना दिसलं की नत्राचा पाव हिस्सा, म्हणजे एकरी ६ किलो, कमी करायला हरकत नाही. तो युरियाच्या दुसऱ्या हप्त्यातून तोडा, पेरणीच्या हप्त्यातून नको. पाऊस आणि ऊब मिळून शेणखतातलं नत्र सुटायला महिनाभर लागतो, रोप लहान असताना त्याला हाताशी काहीतरी हवंच.

बियाणं

पेरणी साधारण १५ जून ते १५ जुलै. एकरी दीड किलो बी पुरतं. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं 'धनशक्ती' हे लोह जास्त असलेलं वाण कोरडवाहूत बरं चालतं आणि वाण सुधारित असल्याने घरचं बी ठेवता येतं, संकरित वाणाचं ठेवू नका.

घरचं बी असेल तर १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बी ओता. तरंगणारं बी अरगट रोगाचं किंवा पोचट, ते काढून जाळा. बुडालेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. केवडा रोगासाठी, म्हणजे आपल्याकडे ज्याला गोसावी म्हणतात त्यासाठी, मेटॅलॅक्झिल ३५ टक्के किलोला ६ ग्रॅम चोळा. सगळ्यात शेवटी अ‍ॅझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी किलोला २५ ग्रॅम. बुरशीनाशक आधी, जिवाणू नंतर, हा क्रम चुकला तर जिवाणू मरतात. विकतच्या पिशवीवर बीजप्रक्रिया केल्याचं लिहिलं असेल तर मीठ आणि बुरशीनाशक सोडा, फक्त जिवाणू लावा.

हेच जिवाणू मातीतूनही देता येतात. एकरी दोन किलो जिवाणू ५० किलो ओलसर कुजलेल्या खतात मिसळून, सावलीत झाकून चार दिवस ठेवायचे आणि पेरणीआधी पसरायचे. त्यात रासायनिक खत मिसळू नका. जीवामृताबद्दल, म्हणजे शेण-गोमूत्र-गूळ आंबवून केलेल्या द्रावणाबद्दल, मला सारखं विचारतात. द्या, जिवाणूंसाठी चांगलं आहे, पण त्यातल्या दहा किलो शेणात नत्र किती असणार, हे वरच्या हिशोबावरून तुम्हीच काढा. युरियाच्या जागी ते चालणार नाही.

पेरताना आणि पेरल्यावर

दोन चाड्यांची (बी-खत सोडायच्या नरसाळ्यांची) पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, असेल तर खत एका चाड्यातून आणि बी दुसऱ्यातून जातं. खत बियाच्या खाली चार-पाच सेंटिमीटर पडावं. बी स्वतः दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल नको, बाजरीचं बी बारीक, खोल गेलं की वर येत नाही. ओळी ४५ सेंटिमीटरवर. युरियाला बी चिकटलं तर उगवण मरते, म्हणून एकाच चाड्यात दोन्ही घालणाऱ्याला थांबवा.

पेरणीला सगळं १०:२६:२६ आणि युरिया १६ किलो, हलक्या रानात ११. बाकीचा युरिया दुसऱ्या हप्त्याला. दर दोन ओळी बाजरीनंतर एक ओळ तुरीची घेतली तर तुरीच्या गळलेल्या पानांचा फायदा पुढच्या पिकाला मिळतो. तिच्या ओळीत मात्र दुसरा हप्ता टाकायचा नाही.

दहा ते वीस दिवसांत विरळणी करून दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. दाट रान ठेवून जास्त युरिया टाकणं म्हणजे दहा माणसांच्या भाकरीवर वीस जणांना बसवणं.

दुसरा हप्ता पंचवीस ते तीस दिवसांनी, पण कॅलेंडर पाहून नव्हे. आधी खुरपणी, नाहीतर युरिया गवताच्या घरी जातो. मग पाऊस, मग वापसा (चिखल जाऊन माती नुसती ओलसर उरते ती स्थिती), मग युरिया ओळीच्या बाजूने, पानांवर न पडेल असा, आणि लगेच कोळपं फिरवून मातीआड. मध्यम रानात २६ किलो, हलक्या रानात १७-१८. युरिया आता सगळा निमकोटेडच येतो, निंबोळी पेंड चोळत बसायची गरज राहिलेली नाही. ओल्या शेणखतात युरिया मिसळून ढीग लावून ठेवणारे लोक आहेत, दुसऱ्या दिवशी ढिगाजवळ डोळे चुरचुरतात, ते उडून चाललेलं नत्र असतं.

पाऊसच नसेल तर? कोरड्या मातीवर युरिया फेकू नका. चार-सहा दिवस थांबा. उघडीप लांबलीच तर २ टक्के युरियाची फवारणी करा, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, सकाळी किंवा उतरत्या उन्हात. पोटॅशियम नायट्रेटची १ टक्का फवारणीही चालते, ती ताण सोसायला मदत करते. चाळीस दिवस उलटून गेले आणि पाऊस आलाच नाही, तर उरलेला युरिया पुढच्या पिकासाठी कोरड्या जागी ठेवून द्या. पाऊस नसलेल्या वर्षी वाचलेली अर्धी गोणी हे कोरडवाहू शेतकऱ्याचं उत्पन्नच आहे.

सरमडाचा हिशोब

पीक काढल्यावर कणसं घरात येतात आणि सरमड, म्हणजे वाळलेली ताटं, गुरांच्या दावणीला जातं. बाजरीने उचललेल्या पालाशाचा मोठा वाटा त्या सरमडात असतो. ते विकून टाकलं तर पालाशही विकला गेला. घरच्या गुरांनी खाल्लं आणि शेण-मूत खड्ड्यात पडलं, तर तोच पालाश पुढच्या जूनमध्ये रानात परत येतो. सरमड विकणार असाल तर म्युरेट कमी करू नका. धसकटं मात्र जाळू नका, पाळी घालून मातीत गाडा.

आणखी एक गोष्ट, तिची तयारी शेणखत पसरतानाच करायची. रानाच्या एका कडेला चार ओळी सोडा ज्यांत शेणखत आहे पण युरिया नाही, आणि दुसऱ्या कडेला चार ओळी ज्यांत युरिया आहे पण शेणखत नाही. चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोका, नाहीतर ऑगस्टमध्ये जागा सापडत नाही. काढणीला दोन्हीकडची आणि मधल्या रानातली सारख्याच लांबीची ओळ कापून कणसं वेगवेगळ्या गोण्यांत भरा, वाळवून मळा आणि तराजूवर ठेवा. आकडे वहीत लिहून त्याशेजारी त्या वर्षीचा पाऊस आणि उघडिपीचे दिवसही टिपून ठेवा. पुढच्या वर्षी युरियाचा दुसरा हप्ता किती तोडायचा, ते त्या तीन गोण्यांवरून ठरवा.